मण्यांची घनवीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'क्युबिक राइट अँगल वीव्ह' या विणीबद्दल मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. नाव लांबलचक आहे. आद्याक्षरं जुळवून बरेच जण 'क्रॉ' म्हणतात, मी घनवीण म्हणते. घाई असेल तर थेट पहिल्या घनाच्या कृतीवर उडी मारा, पण मणी आणि दोरा यांच्याबद्दलचं वाचल्याशिवाय सुई हातात घेऊ नका. निम्मी रडारड तिथेच सुरू होते.

घनवीण म्हणजे नेमकं काय?

एक ठोकळा डोळ्यांसमोर आणा. त्याला ६ बाजू, ८ कोपरे आणि १२ कडा. प्रत्येक कडेच्या जागी एक मणी बसवला की झाला घनविणीचा एक घन. आत तार नाही, नळी नाही, नुसता दोरा आणि मणी. असे घन एकावर एक चढवत गेलं की चौकोनी लड तयार होते. ती चारही बाजूंनी सारखीच दिसते, तिला सुलटी-उलटी बाजू नाही. हातात घेतली की भरीव वाटते आणि तरीही वळते. बांगडी, हार, अंगठी, कानातल्यांच्या चौकटी, एखाद्या खड्याभोवतीची महिरप, सगळं तिच्यातून निघतं.

साधी काटकोनी वीण आधी यायलाच हवी का?

हो. पण फार नाही, एक बोटभर पट्टी विणून बघितली तरी पुरे. काटकोनी विणीत चार मण्यांचं एक कडं असतं. शेजारचं कडं त्यातला एक मणी वाटून घेतं, म्हणून नवे तीनच लागतात. दोरा एका कड्यात घड्याळाच्या दिशेने फिरला तर पुढच्यात उलटा फिरतो, आणि कधीही मधल्या मोकळ्या जागेतून आडवा उडी मारत नाही. मण्याच्या कडेकडेने, काटकोनात वळत जातो. ही शिस्त बोटांना एकदा कळली की घनवीण नवी वाटत नाही. खरं तर घनाच्या चार भिंती म्हणजे चार कड्यांची एक काटकोनी पट्टीच, फक्त गोल फिरवून स्वतःलाच जोडलेली.

शिकताना कोणते मणी घ्यावेत?

गोलसर काचेचे बारीक मणी, ८/० मापाचे. या मापात आकडा जितका मोठा तितका मणी लहान, हे सुरुवातीला सगळ्यांनाच उलटं वाटतं. ८/० चा मणी साधारण ३ मिलिमीटरचा, ११/० चा २ मिलिमीटरच्या जरा वर आणि १५/० चा दीड मिलिमीटरचा. दागिना बहुतेक वेळा ११/० मध्येच खुलतो, पण पहिले दहा घन ८/० मध्ये विणा. तिथे भोक दिसतं, दोरा दिसतो आणि चूकही दिसते.

मियुकी आणि तोहो हे जपानी मणी एकसारखे निघतात आणि त्यांची भोकं मोठी असतात. झेक मणी थोडे चपटे, कमी-जास्त जाडीचे असतात. मोकळ्या कामात त्यात एक गोडवा असतो, पण घनविणीत एक जाडा मणी आला की अख्खा घन तिरका होतो. म्हणून ताटलीत मणी ओतले की आधी वाकडे, फार बारीक आणि फार जाडे बाजूला काढा. दहा मिनिटं जातात, तास वाचतात.

डेलिका जातीचे नळीसारखे मणी शिकताना नकोत. त्यांच्या कडा सरळ कापलेल्या असतात, कोपऱ्यात नीट टेकत नाहीत आणि दोऱ्यालाही काचतात. आणखी एक, गॅल्व्हनाइज्ड म्हणून मिळणारे धातूसारखे चमकणारे मणी सुंदर दिसतात, पण त्यांचा मुलामा घामाने आणि घासण्याने उतरू शकतो. बांगडीसाठी घेताना विचार करा, कानातल्यांना चालतील.

तीन रंग घ्यायला का सांगता? मला एकरंगीच आवडतं.

दागिना एकरंगी करा, नमुना नको. तळाला एक रंग, उभ्या खांबांना दुसरा, वरच्या तुळयांना तिसरा. मी पुढे हेच शब्द वापरणार आहे: खाली चार मण्यांचा तळ, कोपऱ्यांवर उभे चार खांब, आणि खांबांच्या डोक्यावर आडव्या चार तुळया. घर बांधायचंच आहे. रंग वेगळे असले की सुई चुकीच्या मण्यात शिरली तर लगेच कळतं. एकरंगी नमुन्यात ते चार घन उलटल्यावर कळतं.

सुई आणि दोरा कोणता?

दोरा मण्यातून किती वेळा जातो ते आधी बघा. खालच्या कृतीने विणलं तर आडव्या मण्यांतून प्रत्येकी चार वेळा जातो, खांबांतून दोन-तीन वेळा. वर नवा दोरा जोडताना आणि शेवट लपवताना आणखी दोन-तीन फेऱ्या. म्हणजे दोरा बारीक पण दमदार हवा. मी फायरलाइन वापरते, ६ पौंडांची, म्हणजे तेवढा भार पेलणारी. हा मुळात मासेमारीचा विणलेला पॉलिएथिलीनचा दोरा, पण ताणला तरी लांबत नाही, त्यामुळे घन ताठ राहतात. नायलॉनचा नायमोसारखा दोराही चालतो, पण तो थोडा लांबतो. म्हणून वापरण्याआधी हाताने खेचून घ्या आणि मेण लावा. त्याची लड मऊ पडते. हाराला ते बरंही वाटतं, चौकटीला नाही.

सुई मण्यांच्या कामाचीच घ्या. ८/० आणि ११/० ला १० नंबर, पुढे १५/० वर गेलात तर १२ किंवा १३. इथेही आकडा मोठा तितकी सुई बारीक. काम करता करता सुई वाकते. वाकलेली सुई फेकू नका, काही कोपऱ्यांत तीच पटकन वळते.

एका वेळी दोरा दीड मीटरपेक्षा लांब घेऊ नका. त्याहून लांब दोरा स्वतःभोवतीच गुंडाळला जातो.

पहिला घन कसा विणायचा?

हा भाग सावकाश वाचा, आणि शक्य तर मणी समोर ठेवून वाचा.

चार मणी ओवा. शेपटी साधारण १५ सेंटिमीटर ठेवून चारही मण्यांतून पुन्हा एकदा फिरा आणि पहिल्या मण्यातून बाहेर या. चौकट बनली. वाटलं तर शेपटीशी एक गाठ मारा. हा तळ. मण्यांना दोरा ज्या दिशेने फिरतोय त्या क्रमाने मनात नंबर द्या: एक, दोन, तीन, चार. दोरा आत्ता एक आणि दोन यांच्यामधल्या कोपऱ्यात आहे.

पहिली भिंत. तीन मणी ओवा: खांब, तुळई, खांब. मग सुई तळाच्या पहिल्या मण्यातून पुन्हा त्याच दिशेने घाला, म्हणजे ज्या तोंडाने आधी शिरली होती त्याच तोंडाने. ओढा. तीन नवे आणि तळाचा एक असं चार मण्यांचं कडं उभं राहील. लगेच पुढे, तळाच्या दुसऱ्या मण्यातून जा.

दुसरी भिंत. आता बघा, या भिंतीचा तळ आहेच आणि पहिल्या भिंतीशी सामाईक असलेला खांबही उभा आहे. कमी काय आहे? एक खांब आणि एक तुळई. म्हणून दोन मणी ओवा. मग पहिल्या भिंतीच्या जवळच्या खांबातून वरून खाली या आणि तळाच्या दुसऱ्या मण्यातून जाऊन भिंत पुरी करा. पुढे तळाचा तिसरा मणी.

तिसरी भिंत अगदी तशीच. दोन मणी, दुसऱ्या भिंतीच्या खांबातून खाली, तळाचा तिसरा मणी, आणि पुढे चौथा.

चौथी भिंत. तळ आहे, दोन्हीकडचे खांब उभे आहेत, एक पहिल्या भिंतीचा आणि एक तिसऱ्या भिंतीचा. फक्त तुळई नाही. म्हणून सुई आधी पहिल्या भिंतीच्या खांबातून खालून वर घ्या, एक मणी ओवा, तिसऱ्या भिंतीच्या खांबातून वरून खाली या आणि तळाच्या चौथ्या मण्यातून जा.

आता हातात जे आहे ते घनासारखं दिसणार नाही. वर उमललेल्या फुलासारखं, चार पाकळ्या बाहेर झुकलेलं काहीतरी दिसेल. इथेच बरेच जण चुकलं म्हणून उसवतात. उसवू नका. छत बांधायचं राहिलंय एवढंच. सुई पुन्हा पहिल्या भिंतीच्या खांबातून वर घ्या आणि चारही तुळयांतून एका फेरीत फिरा, पहिल्या भिंतीच्या तुळईतून दुसऱ्यांदा जाऊन थांबा. ओढा. पाकळ्या मिटतात आणि घन टपकन उभा राहतो. तो क्षण मला अजूनही आवडतो.

पुढचा घन कसा चढवायचा?

छताच्या चार तुळया हाच आता नवा तळ. तळ तयार असल्याने नवे मणी आठच: पहिल्या भिंतीला तीन, दुसऱ्या-तिसऱ्याला दोन-दोन, चौथीला एक. वरच्या कृतीने छत बांधून पहिल्या तुळईतून बाहेर आलात तर पुढची पहिली भिंत पुन्हा त्याच बाजूला येते आणि दोराही त्याच दिशेने फिरतो. प्रत्येक मजल्याला बाजू बदलत गेली तर एकरंगी लडीत काही बिघडत नाही, पण रंगांची नक्षी करायची असेल तर सगळं विस्कटतं.

"तीन, दोन, दोन, एक" पाठ केलं तर पुरेल ना?

सरळ लडीपुरतं पुरेल. मीही तेच कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. मग कोणी हाक मारली, मी सुई खाली ठेवली आणि परत आले तेव्हा पहिला 'दोन' झाला होता की दुसरा, काही कळेना. पाठांतराला मध्येच सुरुवात करता येत नाही.

म्हणून आकडा पाठ करण्याऐवजी प्रत्येक भिंतीपाशी एकच प्रश्न विचारायची सवय लावा: या भिंतीचे चारपैकी किती मणी आधीच जागेवर आहेत? जितके कमी पडतात, तितके ओवायचे. मध्ये उठलात तरी काम समोर आहे, बघून कळतं. पुढे कोपरे, जोड आणि दुरुस्ती येते तिथे तीन-दोन-दोन-एक लागूच पडत नाही, हा प्रश्न मात्र सगळीकडे चालतो.

माझा घन वाकडा होतो. काय चुकतंय?

घन चारही बाजूंनी फिरवून बघा. प्रत्येक बाजूला चार मण्यांची चौकट दिसली पाहिजे. कुठे तीनच मण्यांचा त्रिकोण दिसला तर एक तुळई किंवा खांब ओवायचा राहिला. कुठे पाच दिसले तर जास्तीचा मणी शिरला, बहुधा चौथ्या भिंतीत, कारण तिथे हात सवयीने दोन उचलतो. मणी बरोबर आहेत पण चौकटीत तिरपा दोरा दिसतोय, म्हणजे खांबातून वर चढायच्या ऐवजी सुई थेट वरच्या मण्यात घातली गेली. आणि वरची पाकळी उघडीच राहत असेल तर छताची फेरी झालेली नाही.

घन सगळीकडून बरोबर आहे पण सैल आहे, तर पुढच्या प्रश्नाकडे या.

दोरा किती घट्ट ओढायचा?

प्रत्येक भिंत पुरी झाली की एकदा ओढा, मणी ओवल्या ओवल्या नको. आणि ओढताना दोरा ज्या दिशेला मण्यातून निघतोय त्याच दिशेला ओढा. आडवा ओढला तर मण्याच्या कडेवर घासतो. घन डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत चिमटीत धरा, चिमटी सोडली की ताण गेला. छताच्या फेरीत तेवढं जरा जास्त घट्ट चालतं, सगळ्या पाकळ्या तिथेच आवळल्या जातात.

फार जोर केला तर दोरा तुटण्याआधी मणी फुटतो. मी एकदा अंगठीचा शेवटचा घन आवळताना १५/० चा एक मणी फोडला, तोही बरोबर मधला. अंगठी पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या तीन-चार घनांना पकडायलाच काही नसतं, त्यामुळे ते सगळ्यांचेच ढिले होतात. पाचव्या मजल्यापासून लड हातात बसते. पहिले घन मनासारखे नसतील तर नंतर शेपटीच्या दोऱ्याने त्यांच्या कडांतून एक फेरी मारून ताठ करता येतात.

दोरा संपत आला. नवा कसा जोडायचा?

१५ सेंटिमीटर उरला की थांबा, शेवटच्या थेंबापर्यंत ताणू नका. आणि घन अर्धवट असताना थांबू नका, छत बांधून मगच. नवा दोरा तीन-चार मजले खालून आत घ्या. मण्यांतून वाकडीतिकडी वाट काढत वर या, वाटेत दोन मण्यांच्या मधल्या दोऱ्याला एक-दोन अर्ध्या गाठी मारा, आणि जुना दोरा जिथून निघतोय त्याच मण्यातून त्याच दिशेने बाहेर पडा. चार-पाच घन विणून झाल्यावर जुना दोरा खालच्या मजल्यांत तसाच लपवा. गाठ मण्याच्या भोकात अडकवू नका. अडकली की त्या मण्यातून पुढे सुई जात नाही, आणि नेमकी त्यातूनच जायची वेळ येते.

लपवतानाही दोरा मण्यांच्या कडेकडेनेच न्या. घनाच्या पोटातून तिरपा नेला तर बाहेरून दिसतो.

चूक झाली तर उसवायचं कसं?

सुई उलटी घालून परत जायचा मोह होतो. तो आवरा. सुईचं टोक आधीच्या दोऱ्यात घुसतं, दोन्ही एकमेकांत गुंततात, मग ना पुढे ना मागे. सुई दोऱ्यातून काढा आणि दोरा बोटांनी किंवा सुईच्या बोथट बाजूने एकेक मणी मागे ओढत या.

चूक पाच-सहा मजले खाली असेल आणि ती फक्त जास्तीच्या मण्याची असेल तर तो मणी फोडूनही काढता येतो. जाड सुई किंवा टोचा भोकात दाबा म्हणजे काच आतून बाहेरच्या दिशेने फुटते. पक्कडीने बाहेरून चिरडली तर काचेची धार दोऱ्यावरच येते. डोळ्यांवर चष्मा हवा आणि वर कापड टाका, काचेचे कण कुठेही उडतात. रिकाम्या जागेमुळे सैल झालेला दोरा मग नव्या दोऱ्याच्या फेरीने आवळून घ्या. कमी पडलेला मणी मात्र असा मागाहून घालता येत नाही. तिथे उसवणंच आलं.

एका बांगडीला किती मणी आणि किती दोरा लागेल?

आधी तुमच्या हाताने, तुमच्याच मण्यांत दहा घन विणून मोजा. ताण प्रत्येकाचा वेगळा असतो, दुसऱ्याच्या मापावर जाऊ नका.

समजा दहा घन २५ मिलिमीटर भरले. १८ सेंटिमीटरची लड हवी तर ७२ घन. पहिल्या घनाला १२ मणी, पुढच्या प्रत्येकाला ८, म्हणजे एकूण ८ गुणिले ७२ अधिक ४, म्हणजे ५८० मणी. ११/० चे गोल मणी ग्रॅमला साधारण शंभरच्या आसपास बसतात, तेव्हा सहा ग्रॅम. निवडून बाजूला काढलेले धरून आठ ग्रॅम जवळ ठेवा.

दोऱ्याचा हिशोब बहुतेकांना धक्का देतो. एका घनात दोरा २५ वेळा कुठल्या ना कुठल्या मण्यातून जातो. वरच्या मापाने घनामागे सहा सेंटिमीटर धरा, म्हणजे ७२ घनांना सव्वाचार मीटरच्या वर. शेपट्या धरल्या तर पाच-साडेपाच. दीड मीटरच्या तुकड्यात वीसेक घनच होतात. म्हणून दोरा जोडायला आधी शिका, मग बांगडी हाती घ्या.

कोपरा कसा वळवायचा? मला चौकोनी चौकट करायची आहे.

छतावर पुढचा घन चढवण्याऐवजी शेवटच्या घनाच्या एखाद्या भिंतीवर चढवा. त्या भिंतीचे चार मणी हाच तुमचा तळ. दोरा खांबा-तुळयांतून चालवत त्या भिंतीच्या एखाद्या मण्यातून बाहेर काढा आणि नेहमीसारखी पहिली भिंत सुरू करा. लड काटकोनात वळते.

दोन लडी शेजारी शेजारी हव्या असतील, म्हणजे जाड पट्टी, तर आपला नेहमीचा प्रश्न कामाला येतो. नवा घन जुन्या घनाच्या एकाच बाजूला टेकत असेल तर ४ मणी आयते मिळतात, नवे ८. एकमेकींना लागून असलेल्या दोन बाजूंना टेकत असेल तर ७ आयते आणि नवे ५. तीन बाजू एका कोपऱ्यात मिळत असतील तर ९ आयते आणि नवे फक्त ३. दोन-दोनच्या मापाचा ठोकळा विणून बघा, आठ घनांचा. त्यात हे सगळे प्रकार येतात आणि मणी एकूण ५४ लागतात. ५४ च्या वर गेलात तर कुठेतरी एकाच जागी दोन मणी बसले. मला विचाराल तर कोपरे शिकायला याहून चांगला धडा नाही.

बांगडी गोल कशी जोडायची?

दोन टोकांच्या मध्ये एका घनाची जागा ठेवा. त्या घनाचा तळही आहे आणि छतही, म्हणून फक्त चार खांब लागतात. पहिल्या भिंतीत दोन खांब ओवावे लागतात: एक खांब, मग समोरच्या टोकाची तुळई, मग दुसरा खांब, आणि परत आपल्या तळात. दुसऱ्या आणि तिसऱ्या भिंतीत एक-एक. चौथ्या भिंतीत काहीच नवं नाही, नुसता दोरा फिरवून ती पक्की करायची. बंद बांगडीचा हिशोबही सुटसुटीत होतो, घन गुणिले ८.

जोडण्याआधी लड टेबलावर सपाट ठेवा आणि एक कड पहिल्या घनापासून शेवटच्या घनापर्यंत बोटाने चाचपा. मी एकदा हे न करता जोडली. दोरा लपवून झाला, कापला, आणि बांगडी टेबलावर ठेवली तर ती एका बाजूने उचललेली. पाव पीळ आत राहिला होता. अशी बांगडी मुद्दाम केली तर छान दिसते, चुकून झाली तर फक्त केलेल्यालाच खटकते आणि रोज खटकते.

वेगवेगळ्या मापांचे मणी मिसळता येतात का?

घनविणीची खरी मजा तिथूनच सुरू होते. लड हातात आडवी धरा. आपण ज्यांना खांब म्हणतोय ते आता लडीच्या लांबीच्या दिशेने पडलेत. म्हणजे लडीची लांबी चार कडांवरचे खांब ठरवतात. दोन शेजारच्या कडांना ८/० चे खांब आणि समोरच्या दोन कडांना १५/० चे, तळ-तुळयांना ११/० असं विणलं तर मोठ्या मण्यांची बाजू लांब भरते, बारीक मण्यांची आखडते आणि लड आपणहून कमानीसारखी वळते. कानातल्यांच्या कड्यांना असंच करा, आतून तार लागत नाही.

आता एकाच कोपऱ्यावर मोठा खांब घ्या आणि दर मजल्याला तो एक कोपरा पुढे सरकवा. मोठे मणी लडीभोवती पिळासारखे चढत जातात. यासाठी पहिली भिंत कुठली हे कायम माहीत हवं, नाहीतर पीळ मध्येच दिशा बदलतो. एका भिंतीला एखादा वेगळ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा, काम झालं की काढून टाका.

वरून सजावट कशी करतात?

लडीच्या कडेवर दर दोन खांबांच्या मध्ये एक छोटी खाच दिसते. त्या खाचेत १५/० चा एक मणी बसतो. दोरा एका खांबातून काढा, बारीक मणी ओवा, पुढच्या खांबात शिरा. लडीभर असंच. चारही कडांना केलं तर लड गोलसर दिसते आणि बरीच ताठ होते, म्हणून सजवण्याआधी ती वळते तेवढी वळवून, मापाला लावून बघा. दुसरी जागा म्हणजे चार मण्यांच्या चौकटीची खिडकी. तिच्यात तिरपा एक मोठा मणी किंवा स्फटिक बसवता येतो. मी सगळ्या खिडक्या भरत नाही. एक सोडून एक भरली की खालची वीणही दिसते.

फासा किंवा हूक कसा लावायचा?

शेवटच्या छताच्या चार तुळयांच्या मधोमध एक मणी बसवून त्यातून हुकाची कडी घ्या, आणि किमान तीन-चार फेऱ्या मारा, दर वेळी वेगळ्या तुळईत उतरून. एकाच तुळईला लटकवली तर लडीचं टोक तिरकं होतं. हार जड असेल तर मी घनविणीचाच फासा करते, एका टोकाला छोटी चौकट आणि दुसऱ्या टोकाला तिच्यातून आडवी जाणारी काडी. काडी चौकटीच्या आतल्या मापापेक्षा बरीच लांब हवी, नाहीतर हार गळ्यातून अलगद निसटतो.

तळ चारऐवजी तीन किंवा पाच मण्यांचा चालेल?

चालतो. तीनचा तळ घेतला तर पहिल्या मजल्याला ९ मणी आणि पुढे प्रत्येकी ६, लड त्रिकोणी आणि ताठ. पाचचा घेतला तर १५ आणि पुढे १०, लड जाडसर आणि मऊ. कृती तीच, मधल्या 'दोन' वाल्या भिंती तेवढ्या कमी-जास्त होतात.

मी डावखुरी आहे. कृती उलटी करायची का?

काहीच करायचं नाही. तळ ओवताना दोरा ज्या बाजूला सोयीने फिरतो तिकडे फिरवा, मण्यांना त्याच क्रमाने नंबर द्या, बाकी सगळं शब्दशः तेच. फक्त चित्रं बघून शिकत असाल तर आरशात धरल्यासारखी वाचावी लागतील.

दोन सुयांनी विणता येतं का?

येतं. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून मण्यात समोरासमोरून ओलांडतात. काहींना तेच सोपं जातं. मला दोन टोकं सांभाळता येत नाहीत, दोन्ही एकमेकींच्या पायात येतात. तुम्ही करून बघा.

विणताना डोळे आणि मान दुखते.

उजेड समोरून नको, बाजूने हवा, म्हणजे खांबांची सावली पडते आणि भोक दिसतं. मण्यांखाली एकरंगी, लव असलेलं कापड घाला. मणी घरंगळत नाहीत आणि सुईने उचलता येतात. काम मांडीवर नको, कोपर टेकतील इतक्या उंच टेबलावर. आणि दर वीस घनांनी उठा. दोरा तेवढ्यात संपतोच.

जमायला किती दिवस लागतात?

पहिला घन बहुतेकांना एका बैठकीत जमतो. दुसरा घन पहिल्यापेक्षा अवघड वाटतो, कारण तळ आणि छत यांची नावं बदलतात. साधारण दहाव्या घनापर्यंत बोटं न विचारता वळायला लागतात. पहिला नमुना उसवू नका, ढिला, वाकडा, जसा असेल तसा डबीत ठेवा. कोपरा, जोड, सजावट असं नवं काही करताना आधी त्याच्यावरच हात बसवून घ्या. माझा नमुना तिरंगी आहे, त्यातल्या तिसऱ्या घनाची एक भिंत अजून पाच मण्यांची आहे.